वाचायला लावणारी स्क्रिप्ट

आर्च लिनक्सवर मी पॅकेजं बांधतो, त्यामुळे एयूआरशी रोजचा संबंध येतो. एयूआर म्हणजे वापरकर्त्यांनीच लिहिलेल्या बांधणीच्या कृतींचं भांडार. तिथून काही घ्यायचं तर पीकेजीबिल्ड ही छोटी फाइल उतरवायची, वाचायची, मेकपीकेजी ही बांधणीची आज्ञा चालवायची आणि तयार पॅकेज ते बसवणाऱ्या पॅकमनच्या हवाली करायचं. याय, पारू यांसारखे मदतनीस हे सगळं एका आज्ञेत उरकतात. आर्चने मात्र अशा एकाही मदतनिसाला अधिकृत भांडारात घेतलेलं नाही. नव्याने आलेल्यांना हा हट्ट वाटतो. मला तो पटतो, पण पूर्ण नाही.

पटतो तो वाचण्यापायी. पॅकेजची नवी आवृत्ती आली की मी आधी जुन्या-नव्या पीकेजीबिल्डमधला फरक काढतो. बहुतेक वेळा दोनच ओळी बदललेल्या असतात, आवृत्तीचा क्रमांक आणि चेकसम. पण सोर्सचा पत्ता बदललेला दिसला किंवा इन्स्टॉल फाइलमध्ये नवी ओळ आली, तर हात थांबायलाच हवा. मेकपीकेजी रूट म्हणून चालायला साफ नकार देतं, पण इन्स्टॉल फाइलमधल्या आज्ञा पॅकेज बसताना रूटच्याच अधिकाराने चालतात. जुलै २०१८मध्ये अ‍ॅक्रोरीड या पीडीएफ वाचकाचं एयूआरवर बेवारस पडलेलं पॅकेज कुणीतरी ताब्यात घेतलं आणि बाहेरून स्क्रिप्ट ओढून चालवणारी आज्ञा त्यात घातली. फरक वाचणाऱ्याला ती लगेच दिसली असती. डोळे मिटून ‘हो’ म्हणणाऱ्याच्या यंत्रावर ती सरळ चालली असती.

मग सगळं हातानेच करावं का? तसंही मला वाटत नाही, आणि याचं कारण मला डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणात सापडतं. तिथे प्रत्येक पॅकेजला रूल्स नावाची मेकफाइल लागते. पूर्वी तिच्यात बांधणीची प्रत्येक पायरी लिहावी लागे आणि त्याच त्या ओळी पॅकेजागणिक उतरवल्या जात. डेबियनचे विकसक जोई हेस यांनी १९९७मध्ये या पायऱ्या उरकणारं डेबहेल्पर हे साधन लिहिलं आणि २००८मध्ये त्यात डीएच ही आज्ञा आली. तेव्हापासून साध्या पॅकेजची रूल्स फाइल तीन ओळींत मावते. चौथी ओळ दिसली की समजायचं, या पॅकेजचं काहीतरी वेगळं आहे. सगळीकडे सारखं असलेलं डेबहेल्परने आपल्याकडे घेतलं, म्हणून वेगळं ते उठून दिसायला लागलं. हे साधन वाचन वाचवत नाही, वाचण्याजोगं तेवढंच समोर ठेवतं.

याच्या उलट काय होतं ते मार्च २०२४मध्ये फाइली आकसवणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या प्रकरणाने दाखवलं. प्रकाशित टारबॉलमधल्या बांधणीच्या एका फाइलमध्ये जादा मजकूर घुसवलेला होता. सार्वजनिक गिटमध्ये तो नव्हताच. डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जातंय का, हे तपासूनच तो जागा होई आणि चाचणीच्या फाइलींत दडवलेला, एसएसएचला लक्ष्य करणारा घातक भाग बाहेर काढी. आंद्रेस फ्रॉइंड या विकसकाला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून बिंग फुटलं. लपायला जागा निवडली होती तीही विचारपूर्वक. टारबॉलसोबत येणारी आपोआप तयार झालेली कॉन्फिगर स्क्रिप्ट हजारो ओळींची असते आणि ती वाचायची नसते, असं आम्ही सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं.

म्हणून कुठल्याही मदतनीस स्क्रिप्टला मी एकच प्रश्न विचारतो. ती वाचण्याचं काम सोपं करते, की वाचायची गरजच उरली नाही असं भासवते? पारू बांधणीआधी फाइल समोर उघडते आणि पुढे जायचं का विचारते, म्हणून ती मी वापरतो. अवलंबित्वं शोधणं, क्रम लावणं, स्वच्छ, अलग वातावरणात बांधणं हे यंत्राने खुशाल करावं, ते हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतं. शिकणाऱ्यांना मात्र सांगतो, पहिली काही पॅकेजं मेकपीकेजीने स्वतः बांधा. कोणती फाइल कुठे जाते, कोणती आज्ञा कुणाच्या अधिकाराने चालते हे एकदा कळलं, की मदतनिसाने दाखवलेल्या फरकात काय पाहायचं तेही कळतं. ते न कळता दिलेली संमती ही संमतीच नव्हे.