पत्ता आणि किल्ली

मराठीत ‘पत्ता’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. एक ठावठिकाणा आणि दुसरा मागमूस. ‘त्यांचा पत्ता लिहून घ्या’ आणि ‘त्यांचा काही पत्ता नाही’ ही दोन्ही वाक्ये आपण सारख्याच सहजतेने उच्चारतो. ई-मेलच्या पत्त्याला हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. बँक, आयकर, संशोधन-नियतकालिके या साऱ्यांनी आपल्याला ओळखायचे ते बहुधा याच पत्त्यावरून. शिवाय इतरत्र कोठे परवलीचा शब्द विसरला, तर नवा शब्द ठरविण्याचा दुवाही येथेच येतो. म्हणजे हा पत्ता नुसता पत्ता राहिलेला नाही. घरातील सगळ्या किल्ल्या ज्या खुंटीवर टांगलेल्या असतात, ती खुंटी झाला आहे.

महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या आम्हा तिघांच्या पिढीने ही खुंटी निवडली असे म्हणणे धाडसाचे होईल. २००० सालच्या आसपास एम. ए. करताना सायबर कॅफेचा चालक जे पान उघडून देई, तेथे आम्ही खाते काढले. कोणाचे हॉटमेल, कोणाचे याहू, कोणाचे रेडिफमेल. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल अवतरले आणि एक गिगाबाइट जागा फुकट मिळणार, ही बातमी अनेकांना एप्रिल फूल वाटली. त्या काळी सेवेची थोरवी जागेवरून ठरत असे. ‘किती साठेल?’ हा आमचा प्रश्न होता, ‘किती टिकेल?’ आणि ‘कोणाच्या हाती राहील?’ हे प्रश्न फारसे कोणी विचारत नव्हते.

ते प्रश्न आमच्यापुढे उभे राहिले ते विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या निवृत्तीनंतर. सरांनी अनेक वर्षे महाविद्यालयाने दिलेला पत्ताच सर्वत्र वापरला होता. संस्थेच्या नावाचा पत्ता अधिक प्रतिष्ठित वाटतो, आणि नियतकालिकांनाही तोच हवा असतो. निवृत्तीनंतर काही आठवड्यांत तो बंद झाला. संस्थेच्या दृष्टीने ते नियमानुसारच होते. गूगलनेही शैक्षणिक संस्थांसाठीची अमर्याद साठवण थांबवून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट अशी मर्यादा २०२२ पासून घातली आहे. जुनी खाती मिटविण्याला तेवढे निमित्तही पुरते. सरांची बँक, विमा, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे यांची डोकेदुखी महिना-दोन महिन्यांत निस्तरली. निस्तरली नाही ती एकच गोष्ट : कवी, अनुवादक, संपादक यांच्याशी झालेला त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार. तो परत आला नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला हे नुकसान समजावून सांगण्याची गरज नाही. जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये गेले. त्यांची पत्रे ज्यांना आली त्यांनी ती जपून ठेवली, म्हणून पुढे त्यांचे खंड निघू शकले. कागदी पत्र घेणाऱ्याच्या घरात राहते. ई-पत्र मात्र तिसऱ्याच कोणाच्या घरात राहते, आणि तो घरमालक आपल्याशी कराराने बांधलेला असला तरी करारातील कलमे बहुतांशी त्यानेच लिहिलेली असतात. वैयक्तिक खाते दोन वर्षे न वापरल्यास ते मिटविण्याचे गूगलचे धोरण आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

येथे सुरक्षितता या शब्दाची फोड करणे आवश्यक आहे. परका आत शिरू नये, ही एक सुरक्षितता. आपणच बाहेर राहू नये, ही दुसरी. लोक पहिलीविषयी बोलतात, पण सोयीचा विचार खरा दुसरीशी निगडित असतो.

पहिलीची उदाहरणे सर्वश्रुत आहेत. २०१३ साली याहूवर झालेल्या चोरीत तिची सर्वच्या सर्व, म्हणजे तीन अब्ज खाती सापडली होती, हे कंपनीने २०१७ मध्ये मान्य केले. परंतु आम्हांला अधिक बोधप्रद वाटते ते मॅट होनन या अमेरिकन पत्रकाराचे २०१२ मधील प्रकरण. त्याचा परवलीचा शब्द कोणी ओळखला नव्हता. ॲमेझॉनला दूरध्वनी करून त्याच्या कार्डाचे शेवटचे चार अंक मिळविले गेले. त्या अंकांच्या बळावर ॲपलच्या मदतकेंद्राकडून त्याच्या तेथील खात्यात प्रवेश मिळाला. आणि जीमेलचा पर्यायी पत्ता म्हणून त्याने हेच खाते दिलेले असल्याने जीमेलही हातचे गेले. तासाभरात फोन आणि संगणक पुसले गेले. महाद्वार भक्कम होते; शत्रू चोरदिंडीने आला. तेव्हा सेवा निवडताना तिचे कुलूप पाहण्याआधी, किल्ली हरवलेल्या माणसाला ती कशी आत घेते हे पाहावे. जी सेवा आपल्याला फार सहज आत घेते, ती दुसऱ्यालाही तितक्याच सहज घेईल.

जुन्या मराठी राजपत्रांवर शिक्का असे आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब असे, जेणेकरून खाली कोणी काही वाढवू नये. ‘शिक्कामोर्तब’ या जोडशब्दात एका खुणेवर विसंबू नये, हे शहाणपण साठलेले आहे. आजच्या द्विस्तरीय पडताळणीचे तत्त्व याच जातीचे आहे. परवलीचा शब्द हा शिक्का. फोनमधील ॲपवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा अंक हे मोर्तब. एसएमएसने येणारा अंक त्या मानाने कच्चा, कारण सिमकार्डच दुसऱ्याच्या नावे वळविल्याच्या घटना घडतात. तरीही मोर्तबच नसण्यापेक्षा तो बरा.

मग सर्वांत भक्कम कुलूप असलेली सेवाच का घेऊ नये? स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन मेलमध्ये साठवलेली पत्रे खुद्द कंपनीला वाचता येत नाहीत. हा मोठाच गुण आहे. मात्र परवलीचा शब्द विसरलो आणि पुनःप्राप्तीची तजवीज आधी केलेली नसली, तर जुनी पत्रे आपल्यालाही वाचता येत नाहीत. जेथे कुलूपवाल्यालाही दार उघडता येत नाही, तेथे विसराळू मालकाने राहावे का, हा प्रश्न उरतोच. आणखी एक विचार कायद्याचा. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही सेवा भारतात रोखण्यासाठी पावले उचलण्यास केंद्र सरकारला सांगितले होते. अमेरिकेत लॅव्हाबिट या सेवेच्या संस्थापकाने सरकारपुढे झुकण्यापेक्षा ऑगस्ट २०१३ मध्ये सेवाच बंद केली. त्याच्या बाणेदारपणाला आमचा नमस्कार. पण त्या दिवशी साध्या ग्राहकाची पत्रपेटीही मिटली. स्वतःचे नाव नोंदवून त्यावर पत्ता घेण्याचा मार्ग स्वतंत्र बाण्याचा खरा, पण नूतनीकरण चुकले तर ते नाव, आणि पर्यायाने तो पत्ता, दुसरा कोणीही घेऊ शकतो.

बऱ्याच चर्चेनंतर आम्ही तिघे जेथे पोचलो, ते असे. पैसा आणि ओळख यांच्याशी संबंधित खात्यांसाठी एक स्वतंत्र पत्ता, मोठ्या व टिकाऊ सेवेकडचा, जो कोठे छापला जात नाही आणि कोणाला पत्र लिहिण्यास वापरला जात नाही. मोर्तब ॲपचे, आपत्कालीन अंक कागदावर, मुदतठेवीच्या पावत्यांशेजारी. साहित्यिक पत्रव्यवहारासाठी दुसरा पत्ता, आणि त्याची पहिली अट अशी की सगळी पत्रे उतरवून घेता आली पाहिजेत. ती आम्ही दर मे महिन्याच्या सुटीत उतरवून घेतो. महाविद्यालयाचा पत्ता महाविद्यालयापुरताच. ज्या खात्याची किल्ली नेमणूकपत्राबरोबर मिळते, ती निवृत्तीच्या दिवशी परत करावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

राहता राहिला वारसाचा प्रश्न. आपण काही काळ दिसलो नाही तर खात्यातील मजकूर कोणाकडे जावा, हे आधी नोंदविण्याची सोय गूगलने २०१३ पासून दिली आहे. विभागात आम्ही ती भरून टाकली, तेव्हा एका सहकाऱ्यांनी वारस म्हणून मुलाऐवजी एका विद्यार्थिनीचे नाव घातले. मुलगा अभियंता आहे. त्याला खाते उघडता येईल, पण काय ठेवायचे ते तिला कळेल, असे त्यांचे म्हणणे. त्यावर वाद घालावा असे आम्हांला वाटले नाही.