हिरडा, सागवान आणि बाबांची पेनं

सागवानावर रंधा नीट बसला की त्याचा आवाज बदलतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं! आधी नुसती खरखर, पातं अडखळतंय, हात दुखतोय, आणि मग मिस्त्रींनी पातं केसभर आत घेतलं की एकदम सुर्र! ढलपी रंध्याच्या तोंडातून गोल गोल होत वर येते. उजेडात धरली तर आरपार उजेड दिसतो. आणि वास? चामड्याचा. शपथेवर सांगते, ताज्या रंधलेल्या सागवानाला जुन्या चामड्यासारखा वास येतो. मी करायला निघाले होते ती पेटीच मुळी सागवान आणि चामड्याची. लाकडानं स्वतःहूनच होकार दिला म्हणायचा!

पेटी बाबांच्या फाउंटन पेनांसाठी. आजवर ती सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या रुमालांत गुंडाळून नांदत होती. एक पार्कर ५१, काही एअरमेल, एक काळं पायलट, राजमहेंद्रीचं हातानं कातलेलं एबोनाइटचं रत्नम, आणि हिरव्या-काळ्या पट्ट्यांचं एक सेल्युलॉइडचं पेन, ज्याच्यावरचं नाव कधीच पुसलं गेलंय. काचेच्या झाकणाची, मेजावर ठेवता येईल अशी पेटी करायची असं मी जाहीर केलं, तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "शोभेला ठेवून त्यांच्या ममी करू नकोस. लिहायला पटकन काढता आली पाहिजेत."

समोरच्या घरात किचन ट्रॉल्यांचं काम चालू होतं, तिथल्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "ताई, प्लायला मायका लावून देतो की, संध्याकाळपर्यंत होईल." मी म्हटलं, मला सागवान हवंय, सांधे हातानं केलेले हवेत, आणि मला स्वतःला करायचंय, तुम्ही फक्त शिकवा. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "रविवारी या." बस्स, इथून पुढे माझे सगळे रविवार गेले.

लाकूड घ्यायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेलो. तिथे एका वखारीत वाड्यांच्या पाडकामातल्या तुळया रचून ठेवलेल्या! बाहेरून धुरकट, काळ्या, कुणी फुकट दिल्या तरी घेणार नाही अशा. मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि एका तुकड्यावरून सावकाश फिरवलं, मोडके खिळे आत राहिलेत का ते बघायला. मग कोपरा थोडा तासून दाखवला. आत सोनं! ताज्या कापाला किंचित हिरवट झाक असते, ती उजेडात काही दिवसांत जाते आणि मध उतरतो. वखारवाले अजूनही 'सीपी टीक' म्हणतात. मध्य प्रांत कधीचा नकाशावरून गेला, लाकडाच्या बाजारात मात्र ठाण मांडून आहे. आपल्या चंद्रपूर-बल्लारपूरकडचं हे सागवान. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही तिथलंच गेलं. सागवानात वाळूचा अंश असतो, सिलिका, त्यामुळे पातं पटकन बोथट होतं. मिस्त्री दर थोड्या वेळानं दगडावर पातं घासायला का बसायचे, त्याचं हे उत्तर. मला वाटायचं, विडीचा बहाणा आहे.

आता मोजमाप. सुतार मिलिमीटरमध्ये बोलत नाहीत, सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. "तळाच्या फळीला दोन सुतांची खाच, आणि फळी खाचेत सैल," मिस्त्री म्हणाले. मी फेव्हिकॉलची बाटली घेऊन तयारच होते, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. तळ चिकटवायचाच नाही! का, तर लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, शंभर वर्षं तुळई म्हणून काढली असली तरी. आणि ही गंमत ऐका: ते लांबीत जवळजवळ हलतच नाही, रुंदीतच हलतं. त्यातही फळी खोडातून कुठल्या बाजूनं कापली त्यावर ते ठरतं. वाढीच्या वर्तुळांच्या कडेनं जाणारी फळी, वर्तुळांना आडव्या छेदणाऱ्या फळीच्या साधारण दुप्पट हलते. जुलैत न लागणाऱ्या दाराला आपण जन्मभर लाथा घातल्या, आणि त्यामागचं हे गणित कुणी सांगितलंच नाही! चारी बाजू पक्क्या जोडायच्या, तळ मात्र खाचेत मोकळा सोडायचा, म्हणजे तो आतल्या आत श्वास घेतो. नाहीतर एखाद्या मे महिन्यात रात्री 'टक्क' आवाज होतो आणि फळी मधोमध तडकते.

जिथे चिकटवायचं तिथेही युक्ती आहे. सागवान तेलकट. सांधा आधी स्पिरिटनं पुसून घ्यायचा आणि लगेच जोडायचा, तेल पुन्हा वर यायच्या आत. कोपऱ्यांना डव्हटेल सांधे केले. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तो मजकूर एका वाक्यात संपतो: करवत रेषेच्या बाहेरून चालवा आणि उरलेलं पटाशीनं उडवा. ते वाक्य हातात उतरायला किती वेळ लागतो ते विचारू नका.

पण चामडं! चामड्याबद्दल मला बोलू द्या.

चामड्यासाठी कोल्हापूर गाठलं. चप्पल लाइनीत सगळे चप्पल घेतात, मी विचारत होते, "नुसतं चामडं मिळेल का?" एका दुकानदारानं एका मामांकडे पाठवलं, त्यांची आयुष्यभराची हातशिलाई. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून. पण चपलेच्या आधीची गोष्ट मला तिथे बसून कळली. हे चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. जुन्या पद्धतीत कातडं शिवून त्याचीच पिशवी करतात, ती टांगतात, आत साल आणि हिरड्याचं पाणी भरतात, आणि ते पाणी कातड्यातून हळूहळू पाझरत राहतं. ठिबकलेलं पाणी पुन्हा वर ओततात. क्रोमनं चामडं कमावणाऱ्या कारखान्यात जे लवकर उरकतं, त्याला इथे आठवडे लागतात. आणि हिरडा म्हणजे आपला तोच, आजीच्या बटव्यातला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी बायाबापड्या वेचतात तो.

मामांनी तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब आत शिरला आणि तिथे गडद डाग उमटला. "पाणी पितंय बघा. हे खरं." मग त्यांनी आख्खा तुकडा साध्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला, थोडा वेळ तसाच ठेवला. गरम पाणी चालत नाही, चामडं आकसून कडक होतं. ओलं चामडं त्यांनी एका लाकडी दांडीवर दाबलं, बोटांनी कडा खोलवर बसवल्या. वाळल्यावर दांडी काढली तर चामडं पन्हळीचा आकार धरून बसलेलं! खिळा नाही, उष्णता नाही. माझ्या डोक्यात दिवाच पेटला. पेटीत सागवानाच्या फळीवर पेनांसाठी गोल खोबण्या कोरायच्या होत्या, त्यांना अस्तर कसलं द्यायचं ते ठरत नव्हतं. मखमल मला आवडत नाही, दागिन्यांच्या दुकानासारखी दिसते. हे उत्तर समोर आलं होतं! प्रत्येक पेनाच्या जाडीची दांडी, तिच्यावर दाबलेलं चामडं, आणि ते थेट खाचेत.

मग रापी. चांभाराची ती रुंद पात्याची सुरी, तिनं चामड्याची कड मागून छिलून पातळ करायची, म्हणजे दुमडताना ढेकूळ येत नाही. मामा ती ढकलतात तेव्हा चामडं लोण्यासारखं सरकतं. मी ढकलली तेव्हा मामा दुसरीकडे बघत होते, त्यांचा स्वभावच सभ्य. शिवण मात्र मला जमली आणि ती माझी जाम लाडकी झाली: आरीनं भोक पाडायचं, एकच मेणाचा दोरा, दोन्ही टोकांना सुया, आणि दोन्ही सुया त्याच भोकातून समोरासमोरून. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. इथे एक तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा तिथेच धरून असतो. पेटीच्या मागे बिजागरीऐवजी मी चामड्याची सलग पट्टी बसवलीय, तिच्या दोन्ही कडांना हीच शिवण. आणि त्या कडा! थोड्या ओल्या करून लाकडी दांडीनं खसाखसा घासत राहायचं. आधी काही होत नाही. मग एकाएकी सुटलेले तंतू बसतात, रंग दाटतो आणि कड चमकायला लागते. रंग नाही, वॉर्निश नाही, नुसतं घासणं! मी घरातल्या सगळ्यांना एकेक करून ती कड बोटानं चाचपायला लावली. सासूबाईंना दोनदा.

पण सगळ्यात मोठा धक्का अजून यायचाच होता. पट्टी लाकडाला बसवायला आणलेले स्क्रू मी पिशवीतून काढले आणि मामा म्हणाले, "ताई, लोखंडी नको हां. काळं पडतंय." त्यांनी एक गंजका खिळा ओल्या तुकड्यावर ठेवला, आम्ही चहा प्यायलो, खिळा उचलला. खाली निळसर काळा डाग! हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की हा रंग होतोच. आणि मग माझ्या लक्षात आलं, अहो, ही तर शाई आहे! हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार, ही जुनी देशी शाई. युरोपात शतकानुशतकं माजूफळ आणि हिराकस यांची शाई चालली, ती हीच रसायनविद्या. ताजी लिहिली की फिकी दिसते, हवा लागली की काळी होते. म्हणून तर पुढे बाटलीतल्या शाईत निळा रंग मिसळायला लागले, लिहिताना अक्षर दिसावं म्हणून. आधी निळी आणि मग काळी, म्हणून ब्लू-ब्लॅक! कलमकारीत कापड आधी हिरड्यात बुडवतात आणि गंजलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून त्यानं काळ्या रेघा काढतात, तेही हेच. म्हणजे मी पेनांसाठी जी पेटी करत होते, तिच्या चामड्यात अर्धी शाई आधीच मुरलेली होती! मी मामांच्या ओट्यावर बसून मोठ्यानं हसले. मामांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, कारण त्यांना हे लहानपणापासून माहीत.

परतताना पितळी स्क्रू घेतले. पितळेलाही तेलकट चामड्यावर हिरवा कळंक चढतो, पण तो फडक्यानं पुसता येतो; काळा डाग जन्माचा.

आता पेनांचं ऐका, कारण त्यांचेही नखरे आहेत. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. ऊन लागलं की काळ्याचं शेवाळी-तपकिरी होतं. सेल्युलॉइड कापूर घालून केलेलं; वर्षानुवर्षं त्यातून वाफा निघतात आणि बंद डब्यात त्या शेजारच्या धातूला खातात. म्हणून पेटी हवाबंद करायची नाही! मागच्या फळीला गिरमिटानं छोटी भोकं पाडली, आतून पितळी जाळी लावली, आणि पेटीची जागा खिडकीपासून लांब ठरवली. हिरवं पेन कडेच्या खोबणीत, रत्नमपासून दूर. काच चार मिलिमीटरची, तीही खाचेत किंचित सैल.

पॉलिश लाखेचं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं, पातळ हातावर हात. दमट हवेत ते पांढरट पडतं, म्हणून मिस्त्रींनी ऑगस्टात हातच लावू दिला नाही. दसऱ्यानंतर केलं.

नावांच्या चिठ्ठ्या मी हिरड्याच्याच शाईनं लिहिल्या, हातकागदावर, बोरूनं. ही शाई फाउंटन पेनात घालायची नसते, निब खाते आणि गाळ धरते. बाबांनी पेटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली, चामड्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग पार्कर काढलं आणि किराणा मालाची यादी लिहायला बसले.

परवा त्यांनी माळ्यावरून आणखी एक डबा उतरवलाय. त्यात घड्याळं आहेत, किल्लीची! घड्याळ पेनासारखं आडवं झोपत नाही, त्याला उशी लागते, पट्टा मोकळा राहायला हवा, आणि चुंबकाजवळ ठेवायचं नाही, म्हणजे झाकणाला चुंबकी कडी बाद. मिस्त्रींना फोन केला, तर ते म्हणाले, "ताई, त्याच तुळईचा तुकडा बाजूला ठेवलाय, मला वाटलंच होतं."