न घेतलेली उचल

आमच्या आखाडा बाळापुराकडे नोकरीचा करार पाडव्याला होतो आणि तोंडी होतो. ही गोष्ट शेतावरच्या नोकरीची, सालगड्याची. या पाडव्यापासून त्या पाडव्यापर्यंत एक साल. मालक ओट्यावर, गडी पायरीवर आणि मध्ये दोघांच्याही शब्दाला किंमत देणारा एखादा जाणता माणूस. सालाचे रुपये किती, वर ज्वारी किती, उचल किती आणि उरलेले केव्हा, खाडा झाला तर दिवसाचे किती कापायचे, एवढे बोलणे होते. चहा येतो आणि करार पक्का होतो. कागद नाही, स्टँप नाही, सही नाही. सालाचा भाव आता लाखाच्या वर गेला आहे. गडी मिळणेच कठीण झाल्यामुळे हल्ली पायरीवर मालक बसतो, असे गावातली वात्रट मंडळी म्हणतात ते वेगळे.

माझी स्वतःची सारी नोकरी मात्र कागदात गेली. पुण्याच्या एका कारखान्याच्या आस्थापना विभागात माणसांच्या नेमणुकीचे कागद तयार करणे हे माझे काम. मी लागलो तेव्हा नेमणुकीचे पत्र दीड पानाचे असे; मी निवृत्त झालो तेव्हा ते नऊ पानांवर गेले होते. गंमत अशी की पाने वाढली ती सगळी एकाच बाजूने. माणसाने काय करू नये याची कलमे दरसाल वाढत गेली. त्याला काय मिळेल याचे कलम होते तेवढेच राहिले.

निवृत्तीनंतर बाळापुरातल्या जुन्या घरी वर्षातले चार-सहा महिने माझा मुक्काम असतो. "काका पुण्याला ऑर्डरी काढायचे" ही कीर्ती गावभर आहेच. त्यामुळे नांदेडला, हिंगोलीला शिकलेल्या पोरापोरींचे कागद माझ्याकडे येतात. पूर्वी ते लिफाफ्यातून येत, आता मोबाइलवर येतात आणि वाचून मान दुखते.

गेल्या उन्हाळ्यात शेजारची मुलगी असाच एक कागद घेऊन आली. नांदेडला इंजिनिअरिंग करून तिला पुण्याच्या एका कंपनीत जागा मिळाली होती. कागद चौदा पानांचा. चार दिवसांत सही करून पाठवायचा, नाहीतर जागा गेली. बरोबर तिचे वडील होते. या गृहस्थांनी वीस-बावीस साले गडी म्हणून काढली आहेत. आता स्वतःच्या दोन एकरांत हळद लावतात. त्यांना इंग्रजी येत नाही. मुलीने एकेक कलम मराठीत सांगायचे आणि त्यांनी ऐकायचे असे ठरले. आणि वाचकहो, आपल्या घरी उद्या असा कागद आला तर तो कसा वाचावा हे मला या गृहस्थांहून चांगले सांगता येणार नाही.

पहिला प्रश्न सरळ होता. "साल केवढ्याचं?"

मुलगी म्हणाली, "साडेचार लाख, सीटीसी."

सीटीसी म्हणजे माणूस कंपनीला कितीला पडतो तो आकडा. हातात येतो तो आकडा निराळाच. प्रॉव्हिडंट फंडात कंपनीने भरायचा वाटा त्यात धरलेला असतो. ग्रॅच्युइटीसाठी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरलेले असतात. ते पैसे साधारणपणे पाच वर्षे टिकाल तर हाती पडायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या तेव्हापासून ठरावीक मुदतीच्या नोकराला एका वर्षानंतरही मिळतात. शिवाय विम्याचा हप्ता आणि 'कामगिरी पाहून' द्यायची रक्कम. हे सगळे मी समजावून सांगितले. गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे बैलाच्या पेंडीचा खर्च गड्याच्या सालात धरला म्हना की!"

तीस वर्षांत मला सीटीसीची इतकी चोख व्याख्या कुणी सांगितली नव्हती. मुलीने कागदाच्या मागे वजाबाक्या केल्या. महिन्याला हातात येणारा आकडा निघाला, आणि पुण्यातल्या खोलीचे भाडे त्यातून गेल्यावर उरते ते तिने खाली लिहून दोनदा रेघ ओढली.

रजा, सुट्ट्या, कामाचे तास यांवर फार वेळ गेला नाही. प्रोबेशन सहा महिन्यांचे होते. ते वाढवता येईल आणि लेखी कळवल्याखेरीज कुणी स्वतःला कायम समजू नये, असे पुढे लिहिले होते. हे वाक्य बहुतेक कागदांत असते. सहा महिने उलटले की आपण आपोआप कायम झालो अशी समजूत कित्येक घरांत असते. तसे धरून चालू नये, पत्र मागून घ्यावे.

नोटिशीच्या कलमाशी गृहस्थ पुन्हा अडले. कंपनीला काढायचे असेल तर तीस दिवस. मुलीला सोडायचे असेल तर नव्वद. "हे माप दोन का?" मी म्हणालो, तसेच असते. ते म्हणाले, "आमच्यात एकच माप." यावर मला कलकत्त्याच्या सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनचा खटला आठवला. कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर कायम नोकराला काढण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली रद्द ठरवला. बळी आणि दुबळा यांच्यात झालेला अन्याय्य करार न्यायालय मानणार नाही, असे तिथे म्हटले आहे. पण ती सरकारी कंपनी होती. खाजगी कंपनीच्या नोकराने त्या निकालावर फार विसंबू नये.

खरे घोडे अडले ते अकराव्या पानावर. नोकरी दोन वर्षे सोडायची नाही. सोडल्यास दोन लाख रुपये भरायचे. आणि तोवर पदवीची मूळ प्रमाणपत्रे कंपनीच्या ताब्यात. याला सर्वत्र 'बाँड' म्हणतात.

गृहस्थांनी ते कलम दोनदा वाचून घेतले. मग मला विचारले, "काका, एक सांगा. उचल किती देणार हायेत?"

"उचल नाही," मी म्हणालो.

"मंग उचल घेतली नाई, तर बांधून कशापायी घ्यायचं?"

मी हा प्रश्न इथे मुद्दाम जसाच्या तसा दिला आहे. हिंदुस्थानातला कायदा गेली दीडशे वर्षे साधारण हाच प्रश्न विचारीत आला आहे. १८५९ साली इंग्रजांनी कायदा केला: उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे आणि त्याने ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात घालावे. इतका मालकधार्जिणा कायदा, १९२५ साली तो रद्द झाला तेव्हा कुणी रडले नसेल. पण त्यालासुद्धा आधी उचल दिलेली असावी लागे! आणि १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की, कागदावर दंडाचा आकडा कितीही मोठा असो, करार मोडला तर मिळेल ती वाजवी भरपाई, आणि तीही त्या आकड्याच्या आत.

मग बाँड म्हणजे निव्वळ बागुलबुवा समजावा काय? मोबाइलवर फिरणारे संदेश तसे सांगतात. त्यांवर भरवसा ठेवू नये. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनने १९६३ साली एका शिफ्ट सुपरवायझरशी पाच वर्षांचा करार केला. टायरच्या दोऱ्याची विद्या कंपनीने हॉलंड-जर्मनीतल्या कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतली होती. ती या गृहस्थाला शिकवली. दुसऱ्याच वर्षी जास्त पगारावर तो कोट्याच्या कारखान्यात गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि १९६७ साली न्यायालयाने त्याला, पाच वर्षांची मुदत संपेपर्यंत, तेच काम दुसरीकडे करायला मनाई केली. उचल रुपयांची नव्हती, विद्येची होती. अगदी अलीकडे, २०२५ साली, विजया बँकेचा तीन वर्षांचा दोन लाखांचा बाँडही सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. सरकारी बँकेला जाहिरात, परीक्षा, निवड असे सारे सोपस्कार पुन्हा करावे लागतात, तो खर्च न्यायालयाने मोजला.

तेव्हा प्रश्न असा की कंपनी या मुलीवर काय खर्च करणार? कागदात 'प्रशिक्षण' असा एक शब्द होता. किती दिवसांचे, कशाचे, केवढ्या खर्चाचे, काही नाही.

मला बोलताना जरा जपावे लागत होते, त्याचे कारण सांगतो. तोंडी साल म्हणजे रामराज्य नव्हते. बाळापूर तेव्हा निजामाच्या राज्यात. उचल फिटेपर्यंत राबणाऱ्या माणसाला त्या राज्यात भागेला म्हणत, आणि भागेल्यांच्या करारांसाठी निजाम सरकारला १९४३ साली कायदा करावा लागला होता. पुढे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने अशा पद्धतींची जी यादी दिली तिच्यात भागेला हे नाव आहे. मुलीच्या आजोबांनी बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली उचल सात साले फेडली. हिशेब मालकाच्या वहीत. आजोबांना वाचता येत नव्हते. त्यामुळे 'बांधून घेणे' हा शब्द त्या घरात नुसता शब्द नाही. वडिलांच्या मनात सरळ आले होते की नको ही नोकरी. मुलीच्या मनात काय होते ते तिने दोनदा ओढलेल्या रेघेवरून दिसत होते: त्या उरलेल्या पैशांतून धाकट्या भावाची फी जायची होती.

शेवटी तिने स्वतःच कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिले. मी एवढेच सुचवले की 'अट मान्य नाही' असे लिहू नये, विचारावे. प्रशिक्षण कोणते आणि त्याचा खर्च किती? जितके महिने काम केले तितकी रक्कम कमी होईल काय? मूळ प्रमाणपत्रांऐवजी साक्षांकित प्रती चालतील काय? ज्यांना वाटते की असे विचारले की नोकरी जाते, त्यांना माझे सांगणे आहे की आस्थापना विभागातल्या माणसाला अशी पत्रे अधूनमधून येतात आणि त्याच्याकडे बहुधा उत्तर तयार असते. विचारणारे मात्र फार थोडे.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. प्रती चालतील. रक्कम दर महिन्याला चोविसावा हिस्सा कमी होईल. प्रशिक्षण सहा आठवड्यांचे. खर्चाचा आकडा दिला नाही. नव्वद दिवसांची नोटीस तशीच राहिली. सोडल्यावर वर्षभर याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत जायचे नाही, हेही राहिले. नोकरी संपल्यानंतरची असली बंदी २७ व्या कलमाखाली टिकत नाही, हे मी तिला सांगून ठेवले. तंटा झाला तर दावा फक्त मुंबईच्या न्यायालयात, हेही राहिले, आणि ते मात्र टिकते. एचडीएफसी बँकेच्या पाटण्या-दिल्लीच्या नोकरांना २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईलाच जायला सांगितले.

सही करायची ठरली. चौदाही पानांवर खाली मुलीच्या सहीची जागा होती. वडील एकेक पान उलटून पाहत होते. शेवटच्या पानाशी थांबून त्यांनी विचारले, "त्याची सही कुठाय?"

कंपनीच्या सहीच्या जागी छापले होते की, हे पत्र संगणकाने काढले असल्याने सहीची आवश्यकता नाही.

"इकडून चौदा, तिकडून एक नाई?" ते म्हणाले. "पाडव्याला तर दोघंबी बोलतेत."

नव्या संहिता ज्या आस्थापनांना लागतात तिथे नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. एका गड्याच्या शेताला अर्थात हे बंधन लागत नाही. मुलीने आणखी एक ओळ लिहून सही-शिक्क्याचे पत्र मागितले. रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ते तिला मिळाले. त्याची एक झेरॉक्स बाळापुरात, हळदीच्या पावत्यांच्या पिशवीत आहे.