पतंग की तित्तर?

प्रत्येक ग्रुपमध्ये दोन प्रकारची माणसं असतात. एक ॲटलास पतंग आणि दुसरी राखी तित्तर. हसू नका, आधी दोघांचा फंडा समजून घ्या.

ॲटलास म्हणजे पतंगांमधला जंबो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या जंगलात दिसतो. पंख पसरले की साधारण २५ सेंटिमीटर, टोकाला चक्क सापाच्या तोंडासारखी नक्षी. एवढा रुबाब, पण कोषातून बाहेर पडलेल्या या साहेबांना खाण्यापुरतं तोंडच नसतं! अळी असताना पानं फस्त करून जी चरबी साठवली, तिच्यावर एक-दोन आठवडे काढायचे. तेवढ्यात जोडीदार गाठायचा, अंडी घालायची, की खेळ खल्लास.

तित्तराचं बरोबर उलट. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी त्याची खणखणीत हाक ऐकू येते, पण तो सहसा दिसत नाही. पंख धडधाकट, तरी महाशय चालतात. दाणे, वाळवी, किडे... रोज उकरायचं, रोज खायचं. धोका दिसला की आधी पळायचं. अगदीच गळ्याशी आलं तर फडफडाट करत उडायचं आणि थोड्या अंतरावर पुन्हा जमिनीवर. त्याचे स्नायू झटक्यात उडण्यासाठी आहेत, लांबच्या प्रवासासाठी नाहीत. शिकारी नेमकी याच क्षणाची वाट बघायचे. आता मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याची शिकार हा गुन्हा आहे.

माझी मैत्रीण पतंग आहे. सात वर्षं आयटीतला पगार साठवला, मग राजीनामा टाकला. आता डॉक्युमेंटरी करतेय. नवीन आवक शून्य, पण वर्षभराची सोय आहे. मी तित्तर, म्हणजे फ्रीलान्सर. या आठवड्याच्या लेखावर पुढच्या महिन्याचं भाडं. परवा ती म्हणाली, "सहा महिने सगळं सोड, माझी स्क्रिप्ट लिही. पैसे नंतर बघू."

रात्रभर झोप नाही. प्रोजेक्ट भन्नाट आहे आणि ती मला कॉलेजपासून ओळखते. पण पतंगाची खरी मेहनत अळीनं आधीच केलेली असते. माझ्या खात्यात दीड महिन्याचा खर्च आहे. पंख आहेत, चरबी नाही.

मी तिला फक्त शनिवार-रविवार दिलेत. ती जरा फुगलीये. तिकडे मी पोस्टात आरडी उघडलीये.

तुम्हीही राजीनाम्याचा मेल टाइप करत असाल, तर सेंड दाबण्याआधी एकदा पासबुक उघडून बघा.