वाळ्याचा वंश

सापाचे नाव निघाले की आपण लगेच त्याची जोडी लावून देतो. नाग म्हटला की नागीण आलीच! एक मारला तर दुसरा सूड घेतो, या भीतीने त्या दुसऱ्यालाही शोधून ठेचणारी माणसे आमच्या धाराशिवकडे आजही भेटतात. वास्तविक सापाचा नर कोणता नि मादी कोणती, हे वरवर पाहून सहसा कळत नाही. जाणकार शेपूट पाहतात. नराची जननेंद्रिये शेपटीच्या मुळाशी आत दडलेली असतात. म्हणून त्याची शेपूट बहुधा लांब व मुळाशी जाड, तर मादीची आखूड नि लवकर निमुळती होणारी. बांधावर एकमेकांना पिळे घालून उभ्या राहिलेल्या धामणींना आपण जोडपे समजून हात जोडतो. ते तर बहुधा झुंजणारे दोन नर असतात!

पण एका सापापुढे हा सारा हिशेब थांबतो. तो म्हणजे वाळा. पावसाळ्यात न्हाणीत, कुंडीखाली, ओल्या मातीत तो सापडतो. वीतभर लांब, काडीसारखा बारीक, काळसर. लोक त्याला गांडूळ समजतात. पण याच्या अंगावर गुळगुळीत खवले असतात. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन ठिपके. विष नाही. मुंग्या-वाळवीची अंडी नि अळ्या खाऊन तो जगतो.

१८०३ साली दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले. पण या जातीचा खात्रीचा नर आजवर सापडलेला नाही. 'तो वाळा' हे व्याकरणापुरते. खरे तर सगळ्या 'त्या'च! मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यांतून मुलीच निघतात. कुंडीतल्या मातीबरोबर एकटी मादी परमुलखात गेली, तरी तिथे तिचा वंश सुरू होतो. असा हा वाळा आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेपर्यंत पोचला आहे.

आम्ही तिघी बहिणी. "वंशाला दिवा नाही," हे वाक्य आईने प्रत्येक लग्नकार्यात ऐकले आहे. तिला ही हकिकत सांगितली, तेव्हा तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "बरंय बाई तिचं, सासूच नाही!"

सापावरून माणसाने धडे घेऊ नयेत, हे मला कळते. पण "मुलगा हवाच, निसर्गाचा नियमच आहे तो," असे कोणी ठासून सांगू लागले, की न्हाणीतल्या त्या वीतभर जिवाची मला आठवण होते. त्याने हा नियम कधी ऐकलेलाच नाही.