उणे २२० अंश

होस्टेलचा गीझर बंद पडला की "मरणाची थंडी!" अशी आरोळी उठते. मला मात्र तेव्हा एक ग्रह आठवतो. नाव, ओगल-२००५-बीएलजी-३९०एलबी. (व्हायव्हाला विचारू नका!) हौशी लोकांनी 'स्टार वॉर्स'मधल्या बर्फाळ ग्रहावरून त्याला 'हॉथ' म्हटले.

आमची ओळख तंबूत झाली. माझे गाव डहाणू तालुक्यात, धुंदलवाडीजवळ. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. आधी जमिनीतून गडगड, मग मांडणीवरची भांडी वाजायची. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. मी तेव्हा नववीत. भर थंडीत अख्खा पाडा बाहेर झोपू लागला. आजी तेवढी ऐकेना. "घर सोडून मी कुठं जाऊ? थंडीनेच मरेन." मग तिला शेकोटीपाशी धरून ठेवायला मी या ग्रहाची गोष्ट सांगू लागलो.

"आजी, पहाटे विंचवाची शेपटी वर येते ना, त्या बाजूला, वीस हजार प्रकाशवर्षांवर तो आहे. आपल्या पृथ्वीच्या साधारण साडेपाचपट वजनाचा. त्याचा सूर्य लहान, तांबडा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. त्याचं एक वर्ष म्हणजे आपली दहा. थंडी उणे २२०! आपली हवा तिथे नेली तर ती गोठून जमिनीवर पडेल."

"तू बघितलास?"

कोणीच बघितलेला नाही. एका ताऱ्यासमोरून दुसरा तारा गेला, की पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्याचा प्रकाश वळतो आणि तो काही दिवस जास्त तेजस्वी दिसतो. ऑगस्ट २००५ मध्ये अशाच एका आलेखाच्या उतारावर जेमतेम काही तासांचा छोटासा उंचवटा आला. तो उंचवटा म्हणजे हा ग्रह! २००६ च्या जानेवारीत तो जाहीर झाला. ते दोन तारे पुन्हा तसे एका रेषेत येणार नाहीत.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथं धरती हलते का रे?"

मला उत्तर देता आले नाही. तेवढ्यात आमचीच हलली. घरातून कौले पडल्याचा आवाज आला. आजी रोज निजायची त्याच कोपऱ्यात. त्यानंतर तिने आत झोपायचा हट्ट केला नाही. रोज रात्री स्वतःच विचारायची, "तुझा तो गारठलेला ग्रह कसा आहे?"

पुढे मी सिव्हिलला आलो. भूकंपमापकाचा आलेख पहिल्यांदा पाहिला, तेव्हा सरळ रेषेवरचा तो उंचवटा ओळखीचा वाटला. कुठे त्याचा अर्थ एक अख्खे जग असतो, कुठे आजीच्या उशाशी पडलेली कौले.

आजी आता घरातच झोपते. छपराची कैची मी बदलून घेतली आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून माझ्याकडे नाही.

— अंतिम वर्ष, सिव्हिल