न झालेल्या गोलांचा हिशेब

आइस हॉकी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मारामाऱ्या! २००८ साली प्रोजेक्टसाठी डेट्रॉइटजवळ राहायला गेलो, तेव्हा मीही त्याच आशेने टीव्हीसमोर बसायचो. पण नजर खिळली ती मारामारीच्या वाटेलाही न जाणाऱ्या एका माणसावर. निकलस लिडस्ट्रॉम. रेड विंग्सचा कॅप्टन आणि डिफेन्समन.

फंडा सोपा आहे. बर्फावर टीमचे सहा जण : एक गोली, दोन डिफेन्समन, तीन फॉरवर्ड. फॉरवर्ड पाऊण मिनिट जीव तोडून पळतो आणि बाकावर येऊन बसतो. अव्वल डिफेन्समन मात्र साठातली पंचवीसेक मिनिटं बर्फावर! समोरचा सगळ्यात डेंजर खेळाडू उतरला की कोच यालाच पाठवणार. लिडस्ट्रॉम अंगावर धावून जायचा नाही. उलटं स्केटिंग करत समोरच्याला कडेला न्यायचा, स्टिक अशी धरायचा की पासची वाटच बंद. बघणाऱ्याला वाटावं, काही घडलंच नाही.

१९८९च्या ड्राफ्टमध्ये तो ५३वा निवडला गेला. पुढे २० सीझन एकाच टीमकडून, चार स्टॅन्ले कप, सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी सात वेळा. १,५६४ सामन्यांत शिक्षेची मिनिटं फक्त ५१४, म्हणजे मॅचमागे जेमतेम २० सेकंद! २०१२मध्ये तो निवृत्त झाला. पुढची चार वर्षं टीम प्लेऑफमध्ये पोचली खरी, पण मालिका जिंकली एकच. कारणं आणखीही असतील. पण भिंत गेल्यावरच कळतं ना, वारा किती होता ते!

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे अप्रेझल. माझ्या टीममध्ये टॉप रेटिंग एकालाच देता येतं. एकाने झकास नवं मॉड्यूल केलंय, डेमोला टाळ्याही पडल्या. दुसरी सपोर्ट सांभाळते. तिच्यामुळे वर्षभरात रात्री दोनला कुणाचाच फोन वाजला नाही. तिच्या फॉर्मवर ‘अचीव्हमेंट्स’चा रकाना जवळजवळ कोरा. साहेब म्हणाले, ‘‘दाखवायला काय आहे तिच्याकडे?’’

हॉकीवाले निदान वेगळी ट्रॉफी तरी ठेवतात. आपल्याकडे तीही नाही. मग मीच बसून वर्षभरात न उद्‌भवलेल्या भानगडींची यादी केली. तारखांसकट. पान-दीड पान भरलं. रेटिंग तिचंच टाकलंय. साहेबांची सही अजून व्हायचीय. आणि हो, यादी घेऊन भांडायची तयारी आहे!